काळी एक की काळी चार, आणि चौदा जणांचा एक सा

प्रश्न नेरूळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सेकंड इयरच्या मुलीचा आहे, थोडक्यात असा: आम्ही क्वायर काढलाय, दहा मुली, चार मुलगे, शिवाय दोन व्हायोलिन, एक बासरी, एक कीबोर्ड. एकेकटे सगळे बरे गातात पण एकत्र आलो की नुसता गलका. मुलांच्या पट्टीत मुली किंचाळतात, मुलींच्या पट्टीत मुलगे बुडतात, नोटेशन एकालाच येतं, यूट्यूबवर बघून हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळे सूर गाणं) बसवली ती दोन दिवसांत विस्कटली. युथ फेस्टला सहाच जण घेतात मग बाकीच्यांचं काय, का बंदच करायचं सगळं?

बंद कशाला करतेस गं. दहा मुली चार मुलगे हा आकडा तर माझ्या ओळखीचाच आहे, दर वर्षी असाच असतो. मी ठाण्यात चरईत राहते, शास्त्रीय शिकले, लग्नानंतर मुंबईच्या एका क्वायरमधे नऊ वर्षं आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गायले आणि वीसेक वर्षं कॉलेजच्या पोरांची समूहगानं बसवतेय, त्यामुळे पुढे जे लिहितेय त्यातलं पुस्तकातलं कमी आणि आपटून शिकलेलं जास्त आहे.

पहिलं काम, हार्मनी बंद. पंधरा दिवस तरी. गाणंसुद्धा बंद म्हटलं तरी चालेल. गोल करून उभं राहायचं, मधे फोनवर तानपुरा लावायचा, तोंड मिटून सगळ्यांनी फक्त सा धरायचा, तोही इतका हळू की डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूचा माणूस तुला तुझ्याएवढाच ऐकू आला पाहिजे. नाही आला तर तू मोठ्याने गातेयस, त्याचं काही चुकलेलं नाही. सोलो गाणाऱ्या पोरांना हे सगळ्यात जड जातं कारण त्यांना आयुष्यभर "आवाज मोकळा सोड" असंच सांगितलेलं असतं. दोन सूर एक नसले की त्यात हेलकावे येतात, एकजण २२० हर्ट्झवर आणि दुसरी २२२ वर असेल तर सेकंदाला दोन वेळा घुं-घुं असं ऐकू येतं, जसजसे जवळ येतात तसतसे ते हेलकावे लांबतात आणि एका क्षणी थांबतात. तो क्षण चौदाही जणांना एकदम कळतो, सांगावं लागत नाही, कुणीतरी हसतं आणि सूर परत सुटतो. रोज दहा मिनिटं हे करा, कंटाळा येईल, येऊ दे.

आणि हे करताना पंखा बंद. ट्यूबलाइट जुनी चोकवाली असेल तर तीही बंद. मी गंमत करत नाहीये. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण होते १०० हर्ट्झवर, पेटीच्या पांढरी पाच या पट्टीच्या जरा वर आणि काळी चारच्या खाली, म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही. एका कॉलेजात आम्ही पांढरी पाचमधे काहीतरी बसवत होतो आणि रोज चार वाजता ग्रुप किंचित चढायचा, सकाळी नाही, चारलाच. मी पोरांना बोल बोल बोलले. नंतर लक्षात आलं की चारला अंधारून यायचं, पावसाचे दिवस होते, शिपाईमामा येऊन ट्यूब लावून जायचे.

सा एक झाला की आ, ई, ऊ. यात गायकीपेक्षा घरोघरची बोली जास्त आड येते. नवी मुंबईत तर विचारूच नको, तुझ्या चौदा जणांत मराठी असतील, आगरी असतील, मल्याळी, तमिळ, गुजराती, सगळ्यांचा आ वेगळा. आणि मराठी शब्द गाताना खरी पंचाईत च आणि ज ची. "चांदणं" हा शब्द घे, आपण त्यातला च दातांवर म्हणतो, अमराठी पोरं तो "चंद्र" मधल्या च सारखा म्हणतात, अर्धा ग्रुप असा आणि अर्धा तसा म्हणाला की प्रेक्षकांना शब्दच कळत नाही, फक्त फसफस ऐकू येते. मी अशा शब्दांखाली पेन्सिलने टिंब द्यायला लावते आणि ओळ आधी न गाता नुसती बोलून घेते, कुजबुजत, तालात. शब्दाच्या शेवटचा त किंवा स कुठल्या मात्रेवर पडायचा तेही ठरवून टाक, नाहीतर चौदा वेगवेगळे स ऐकू येतात, कुकरच्या शिट्ट्या जशा.

आता पट्टी, तुझं खरं दुखणं हे आहे. मुलगा एकटा गातो तेव्हा साधारण काळी एकच्या आसपास गातो, मुली काळी चार नाहीतर काळी पाच. आता पेटीवर काळी एकपासून काळी चारपर्यंत मोजून बघ, बरोबर पंचम येतो. म्हणजे काळी एकचा प तोच काळी चारचा सा. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं भांडण मिटतं, कारण गाणं काळी एकमधे लावलंस तर मुलींचा रोजचा सा हा त्या गाण्यातला मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम झाला, तो त्यांना झोपेतही लागतो, आणि तिथून तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, सापर्यंत त्या न ताणता जातात. मग अडतं कुठे तर अंतऱ्यात. अंतरा तार ग, तार म असा वर गेला की मुलींच्या गळ्यावर येतं, मुलांच्याही येतं खरं तर, पण मुलगे जोर लावून निभावून नेतात आणि मुलींचा आवाज चिरकतो, मग सगळे म्हणतात मुलींना पट्टी झेपत नाही. बहुतेक ग्रुप मुखडा गाऊन पट्टी ठरवतात आणि तिथेच फसतात. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर आणि सगळ्यात खालचा सूर शोधायचा, मुखडा कितीही गोड वाटू दे. मंद्र प ते तार सा एवढ्यात गाणं मावत असेल तर काळी एक बिनधास्त लाव. वर जात असेल तर ती एक-दीड ओळ मुलींनी खालच्या सुरांवरून घ्यायची, हार्मनीची खरी गरज तिथे लागते, शोभेसाठी नाही. मधली पट्टी, पांढरी चार वगैरे, तडजोड म्हणून घेऊ नकोस, तिथे मुलगे वर फुगतात, मुली खाली पुटपुटतात, दोघांचंही बिनसतं.

हार्मनीचं म्हणशील तर तीनच ओळी कर, मुलींच्या दोन, मुलांची एक. सोप्रानो आल्टो (बायकांचे वरचा-खालचा) टेनर बास (पुरुषांचे वरचा-खालचा) अशी चार घरं मांडायचा मोह होईल कारण यूट्यूबवर तसंच दिसतं, पण एकोणीस वर्षांचे चार मुलगे म्हणजे ना टेनर ना बास, मधलेच असतात सगळे, त्यांना दोन-दोनमधे फोडलंस तर दोन्ही ओळी लंगड्या. त्यापेक्षा चौघे मिळून एक ओळ, आणि ती सुरुवातीला फक्त सा आणि प अशी धरलेली, हलायचंच नाही. वर मुली दोन घरांत गातील, एक घर चाल, दुसरं घर तिच्या खालून, गोव्याच्या मांडो गाण्यांत दोन आवाज जसे तीन-तीन सुरांच्या अंतराने बरोबर चालतात ना तसं.

सुरुवातीला भूप रागातलं काहीतरी घ्या. भूपात म आणि नि नाहीत त्यामुळे कुठलेही दोन सूर अर्ध्या सुराने एकमेकांना घासत नाहीत. एक ओळ घ्यायची, अर्ध्या ग्रुपने ती चार मात्रा उशिरा सुरू करायची, बस, बिनकष्टाची हार्मनी तयार. पोरं पहिल्यांदा हे ऐकतात तेव्हा गाता गाता थांबतातच, थांबू देत. पुढे ज्या रागात म आणि नि दोन्ही आहेत तिथे मात्र जरा जपून, कीबोर्डवाल्याने सवयीने साधे कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार सूर) टाकले की रागाचा चेहरा जातो, मग ते धड भावगीत राहत नाही धड वेस्टर्न होत नाही.

कीबोर्डवरून आठवलं, हार्मनी बसवताना सूर कीबोर्डवरून घेऊ नका, पेटीवरूनही नको. तानपुरा नीट लागला की त्यात गंधार, म्हणजे ग, आपोआप ऐकू येतो, कीबोर्डचा गंधार त्याच्यापेक्षा १४ सेंट चढा असतो, म्हणजे एका अर्ध्या सुराचा साधारण सातवा भाग. एकट्याने गाताना तेवढं कुणाला कळत नाही पण चौघांनी सा, चौघींनी प धरलेला असेल आणि वरून ग आला तर खाड्कन कळतं, एकतर सगळं एकदम लखलखतं नाहीतर थोडं आंबट लागतं. आकाशवाणीवर पेटीला १९४० ते १९७१ बंदी होती त्यामागे हेही एक कारण सांगायचे. मी पेटीच्या विरोधात नाही हं, घरात दोन आहेत.

नोटेशन एकालाच येतं ते येऊ दे. तुम्ही सगळे सरगम जाणता ना? मग झालं. मिझोराम, मेघालयातली कितीतरी चर्चं आजही टॉनिक सोल-फा नावाच्या लिपीवर गातात, त्यात डो रे मी ची नुसती अक्षरं असतात, पट्टी बदलली तरी अक्षरं तीच, म्हणजे आपलं सा रे गच की. वहीत आडव्या तीन ओळी आख, सगळ्यात वर मात्रांचे आकडे, खाली तिन्ही घरांची सरगम एकाखाली एक, प्रत्येक मात्रेला एक चौकोन. गणिताची चौकटीची वही मिळते ना, ती. नोटेशनवाल्या मुलाला हे एकदा उतरवून द्यायला सांग आणि त्याच्याकडून दुसऱ्या कुणालातरी शिकवून घे, नाहीतर तो ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी तालीम बंद.

आणि सूर उतरणं. हे होणारच, घाबरू नका. वाद्याशिवाय तीन मिनिटं गायलं की ग्रुप खाली सरकतो आणि सरकलेलं कुणालाच कळत नाही कारण सगळे मिळून सरकलेले असतात. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी शहाणपणा केला, पहिली दोन कडवी नुसते आवाज आणि तिसऱ्याला कीबोर्ड असं बसवलं. तालमीत झकास. स्टेजवर पोरं घाबरलेली, श्वास तोकडे, दोन कडव्यांत बरोबर अर्धा सूर खाली आली, मी विंगेत उभी, मला ऐकू येतंय पण करणार काय, आणि तिसऱ्या कडव्याला कीबोर्ड आला तो त्याच्या जागी. एक मुलगी धीट होती ती पटकन वर गेली, बाकीचे खालीच राहिले, पुढच्या चार ओळी मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून माझ्या ग्रुपमधे बिनवाद्याच्या भागानंतर वाद्य येतच नाही, आलंच तर मधे दोन मात्रा शांतता आणि नवा सा. सूर उतरतो तो अवरोहात, खाली येताना पावलं मोठी पडतात, म्हणून अवरोह चढ्या मनाने म्हणायचा, ग वरून रे वर येताना उतरतोय असं वाटूच द्यायचं नाही. अजून एक जुनी युक्ती, एखादं गाणं पांढरी चारमधे रोजच घसरत असेल तर काळी तीनमधे लावून बघ, अर्धाच सूर वर, पुष्कळदा घसरायचं थांबतं, सवयीची जागा मोडते म्हणून असेल.

आता तुमची चार वाद्यं. चेंबर म्युझिक म्हणजे खोलीतलं संगीत, एका ओळीला एकच वाजवणारा आणि कंडक्टर नाही, आपली बैठक म्हण हवं तर. स्ट्रिंग क्वार्टेटच्या (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो) मागे लागू नका, तुमच्याकडे व्हायोला नाही चेलो नाही, व्हायोलाची खालची तार व्हायोलिनवर नसतेच, मग सूर ढकलत बसावं लागतं. त्याऐवजी ट्रायो सोनाटा बघा. नावात ट्रायो असलं तरी वाजवायला बहुधा चौघे लागतात, वर दोन वाद्यं, खाली एक बास आणि एक कीबोर्ड. कोरेली या इटालियन संगीतकाराने असे चार संच छापले, प्रत्येकात बारा, म्हणजे ४८ झाले, आणि तो १७१३ साली वारला, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्न नाही. आपल्याकडे लेखक-संगीतकार गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतात. आयएमएसएलपी या वेबसाइटवर नोटेशनच्या जुन्या प्रती फुकट मिळतात, क्वायरसाठी तशीच सीपीडीएल आहे. संथ भागापासून सुरू करा. कीबोर्डवाल्याला पहिले दोन आठवडे फक्त डाव्या हाताची ओळ वाजवू दे, एका वेळी एक सूर, उजवा हात मांडीवर. बासरीवाल्याने दुसऱ्या व्हायोलिनची ओळ आलटून पालटून घ्यायची, पण बासरीची पट्टी जुळते का ते आधी बघ.

तू लिहिलंयस की एक व्हायोलिनवाली कर्नाटक पद्धतीची आहे. नेरूळ-वाशीला हे हमखास असणारच. तिच्या तारा सा-प-सा-प लावलेल्या, दुसऱ्याच्या पाश्चात्त्य पद्धतीने, तिचं वाद्य पायाच्या घोट्यावर टेकवलेलं, ती जमिनीवर बसलेली आणि तो खुर्चीवर. तारा ती बदलून लावेल, एक जास्तीचं जुनं व्हायोलिन मिळालं तर उत्तमच, रोज खुंट्या पिळायला नकोत. पण बसायचं काय? माझ्याकडे अशीच जोडी आली होती, दोघंही हुशार, आणि दर ओळीची सुरुवात मागेपुढे. पंधरा दिवस मी ताल चुकतोय समजून ठेका दिला. मग एके दिवशी मी स्वतः त्या मुलीशेजारी जमिनीवर बसले आणि बघितलं तर तिला त्याचा गज दिसतच नव्हता, त्याचे गुडघे आणि म्युझिक स्टँड दिसत होतं फक्त. घरून दिवाणासारखा एक बुटका पाट आणला, दीडेक फूट उंच, तिला त्याच्यावर बसवलं, स्टँड बाजूला केलं, त्याच संध्याकाळी दोघं एकत्र सुटली.

एकत्र सुटण्याबद्दल एवढंच की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवायची नसते, समेच्या आधीची मात्रा दाखवायची असते. ज्याच्याकडे चाल आहे त्याने ती मात्रा श्वासात घ्यायची, ऐकू येईल असा, आणि गज किंवा मान त्याच वेगाने उचलायची. श्वास हळू तर लय हळू. भजनी मंडळाच्या डब्यात कधी बसलीयस का? बुवांनी ओळ सोडायच्या आधी टाळ जरासा उचललेला असतो, गाडी खडखडतेय, स्टेशनची अनाउन्समेंट चालू आहे, तरी बाकीचे बरोब्बर उचलतात. क्वायरलाही हेच, चौदा जणांसमोर हात हलवणारा लागेल पण त्याने हवेत चित्रं काढू नयेत.

युथ फेस्टचं. एआययूच्या (असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज) नियमात समूहगानाला जास्तीत जास्त सहा गाणारे, तीन साथीदार, दहा मिनिटं आणि मांडणीला चार मिनिटं वेगळी, फिल्मी गाणं चालत नाही आणि कपडे-हावभावांना मार्क नसतात. वेस्टर्न ग्रुप साँग वेगळं असतं. तरी त्या वर्षीचं सर्क्युलर स्वतः वाच, सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नको. सहा निवडताना सहा उत्तम सोलो गायक उचलू नकोस, तिथेच बरीच कॉलेजं आपटतात. प्रत्येक घरातले दोन-दोन घे, जे एकमेकांत विरघळतात ते, त्यात तुझी सगळ्यात भारी गाणारी मैत्रीण बसली नाही तर तिला आधीच आणि स्पष्ट सांग, ऐनवेळी नको. आणि चौदाचा क्वायर त्या सहांसाठी मोडू नकोस. फेस्ट पावसाळ्यात येतं नि जातं, क्वायर वर्षभर चालला पाहिजे. मुंबईत परांजोती कोरस १९५६ पासून आहे, शिलाँग चेंबर क्वायर २००१ साली सुरू झाला आणि देशभर नाव झालं ते २०१० साली टीव्हीवर जिंकल्यावर, मधली नऊ वर्षं ते गातच होते.

हॉलबद्दल. आपली नाट्यगृहं, गडकरी काय किंवा वाशीचं भावे काय, नाटकातला शब्द कळावा म्हणून बांधलेली, आवाज तिथे लगेच विरतो. कॉलेजच्या जिन्यात प्रॅक्टिस करून आलेली पोरं तिथे पहिल्या ओळीला बावरतात, जिन्यात कुणीही चांगलं गातं. निदान एकदा गाद्या-पडद्यांच्या खोलीत गाऊन बघा. उभं राहताना एका रांगेत पसरू नका, दहा मीटर लांब उभ्या असलेल्याचा आवाज पोचायला सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो, ताल तिथेच ढिला होतो, दोन रांगांत कमानीसारखं उभं राहा, मुलगे मागे मधोमध. साउंडवाला चौदा माइक हातात द्यायला बघेल, नम्रपणे नको म्हण, समोर दोन पुरे, आणि माइक ग्रुपपासून जितका लांब त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकमधे. एसीत गेल्यावर तबला चढतो, बासरी उतरते, व्हायोलिनच्या पावसाने फुगलेल्या खुंट्या सुकून सटकतात, त्यामुळे वाद्यं अर्धा तास आधी हॉलमधे नेऊन ठेव आणि मगच लाव.

तालीम आठवड्यातून तीनदा पाऊण तास, रविवारी चार तास नको, गळे बसतात आणि घरचे ओरडतात. तुमच्यातले निम्मे ट्रान्सहार्बरने घणसोली-ऐरोलीकडे जाणारे असतील, त्यांच्या गाडीचं गणित धरूनच वेळ ठरव, सारखं घड्याळ बघणारा माणूस श्वास पूर्ण घेत नाही.

पंधरा दिवसांनी तुमचा अर्ध्या मिनिटाचा सा रेकॉर्ड करून पाठव, फोन गोलाच्या मधोमध ठेवून. आणि पंखा बंद करून.